खानदेशातलं छप्पर आणि स्प्रे फोम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून स्प्रे फोमबद्दल, म्हणजे उष्णता अडवायला छपरावर फवारतात त्या फोमबद्दल, सतत विचारणा होते. या विषयावर वाचायला मिळतं ते बहुतेक परदेशातल्या लाकडी घरांबद्दल किंवा समुद्रकाठच्या इमारतींबद्दल असतं. आपल्याकडे उन्हाळा कोरडा, पावसाळा दमट, भिंती विटांच्या आणि डोक्यावर पत्रा नाहीतर स्लॅब. त्यामुळे तिकडचा सल्ला जसाच्या तसा उचलला तर पैसा जातो आणि काही वेळा घराचं नुकसानही होतं. खालची उत्तरं इथल्या छपरांना धरून दिली आहेत.

स्प्रे फोम म्हणजे नक्की काय?

कामाच्या जागी दोन ड्रम येतात. एकात आयसोसायनेट असतं, दुसऱ्यात पॉलिओल आणि त्यात कालवलेली बाकीची रसायनं. मशीन दोन्ही गरम करून मोठ्या दाबाने, समान मापाने, गनपर्यंत आणतं. गनमध्ये ती मिसळतात आणि पृष्ठभागावर पडल्यावर काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. तयार होतं ते पॉलियुरेथेन. ओटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३७ साली शोधलेलं हे रसायन आपल्या बाजारात 'पफ' म्हणून ओळखलं जातं. फ्रिजच्या भिंतीत भरलेला फोम याच जातीचा.

याचे दोन प्रकार आहेत. क्लोज्ड सेल फोम कडक असतो. त्याच्या पेशी, म्हणजे आतल्या बारीक पोकळ्या, बंद असतात आणि वजन घनमीटरला साधारण ३० ते ५० किलो भरतं. ओपन सेल मऊ असतो, वजन ८ ते १२ किलो, आणि त्यातून हवेतली वाफ आरपार जाते. ओपन सेल मुख्यतः लाकडी चौकटीच्या पोकळ भिंतींसाठी वापरतात. तशा भिंती आपल्याकडे नाहीत. पत्र्याला आणि स्लॅबला क्लोज्ड सेलच घ्या. स्वस्त पडतो म्हणून कोणी ओपन सेल सुचवला तर नाही म्हणा.

आधी चुना मारून पाहिला तर चालेल का?

चालेल, आणि तेच आधी करा. ऊन परतवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. गच्चीवर पांढरा चुना किंवा ऊन परावर्तित करणारा पांढरा रंग मारला की स्लॅब तापायलाच कमी लागतो. त्याची अडचण एवढीच की धुळीने आणि शेवाळाने तो काळवंडतो आणि पुन्हा मारावा लागतो. पश्चिमेच्या भिंतीला सावली, खिडकीवर छज्जा आणि पांढरी गच्ची एवढं करूनही खोली सहन होत नसेल तर फोमचा विचार करा. नुसत्या पत्र्याच्या घराला मात्र रंगाने पूर्ण भागत नाही. तिथे फोमचं काम सुरू होतं.

भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. फोमने किती फरक पडेल?

हिशोब मांडून पाहू. दुपारी पत्रा ६५ अंशांवर आहे आणि खोलीत ३० अंश ठेवायचे आहेत असं धरा. नुसत्या पत्र्यातून एका चौरस मीटरला सुमारे २१० वॅट उष्णता खाली उतरते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीला ती जवळजवळ १,९५० वॅट होते. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त एसी एकट्या छपराशी झुंजण्यात संपला.

आता पत्र्याखाली २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, क्लोज्ड सेल फोम मारला तर तीच १,९५० वॅट २८० वर येते. दोन इंचाला १५० आणि तीन इंचाला १०० च्या आसपास. पहिल्या इंचाने जवळजवळ सगळं काम केलं, दुसऱ्याने थोडं, तिसऱ्याने अगदी नावापुरतं. म्हणून राहत्या घराच्या पत्र्याला इंच ते दीड इंच पुरे आहे. तीन-चार इंच फक्त थंड चेंबरला लागतो. जाडी वाढवून देतो म्हणणाऱ्याला हा हिशोब दाखवा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: फोम गारवा तयार करत नाही. दारं-खिडक्या उघड्या असतील आणि बाहेर ४४ अंशांची झळ वाहत असेल तर आतली हवाही तशीच राहणार. फरक जाणवेल तो डोक्यावरून येणारी धग थांबल्याचा, आणि तो पहिल्याच दुपारी जाणवतो.

स्लॅबला फोम वरून मारावा की खालून?

वरून. खालून मारला तर खोलीत येणारी उष्णता अडते हे खरं, पण स्लॅब उन्हात उघडाच राहतो, आधीपेक्षा जास्त तापतो, दिवसा फुगतो, रात्री आकसतो आणि भेगा वाढतात. वरून फोम असला की स्लॅब उन्हापासून वाचतो. रात्री अकरा-बारा वाजेपर्यंत छतातून जी ऊब झरत राहते, जिच्यामुळे आपल्याकडे माणसं गाद्या घेऊन गच्चीवर जातात, तीही बरीच कमी होते.

वरचा फोम पायाखाली येणार, म्हणून तो घनमीटरला ४५ किलोच्या आसपास घनतेचा हवा. उघडा ठेवला तर उन्हाने पिवळा, मग तपकिरी पडतो आणि भुगा होऊन झडतो. त्यावर लगेच ऊन सोसणारं कोटिंग हवं, किंवा जिओटेक्स्टाइल कापड अंथरून वर ढाळ देऊन कोबा. पापड-कुरडया वाळवायला, झोपायला, कपडे धुवायला गच्ची वापरत असाल तर कोबाच करा. नुसत्या कोटिंगवर खाटेचा पाय रुतला की तिथून पाणी शिरतं.

राहत्या घरांसाठीच्या 'इको निवास संहिता २०१८' या केंद्र सरकारच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत छपराचं उष्णतावहन चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅटच्या आत असावं असं म्हटलं आहे. सहा इंची उघडा स्लॅब तीनच्या वर असतो. ४० मिलिमीटर फोमने तो अर्ध्या वॅटच्या जवळ येतो.

फोम मारला की गळती थांबेल का?

कंत्राटदार सर्रास हो म्हणतात. पण गळती थांबवून मग फोम मारायचा असतो. पत्र्याखाली फोम असेल आणि वरचा हुक किंवा वायसर गळत असेल, तर पाणी पत्रा आणि फोम यांच्यात शिरून दूर कुठेतरी थेंब टाकतं. नेमकं भोक सापडत नाही आणि पत्रा आतून गंजत जातो. एक पावसाळा छप्पर नीट पाहा, हुक-वायसर बदला, गंज खरवडून प्रायमर मारा आणि मग फोमवाल्याला बोलवा. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर तो घासू नका, कापू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात बसते.

आमच्याकडे एसी नाही, कूलर आहे. मग फोमचा उपयोग?

छपराला आहे. भिंतींना आणि फटींना नाही.

कूलर चालतो तो आपल्या उन्हाळी हवेच्या कोरडेपणावर. ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता अशा दुपारी तो हवा बऱ्यापैकी थंड करतो, पण सोबत खोलीत पाणीही सोडतो. ती ओलसर हवा बाहेर जायला वाट लागते, म्हणून कूलरच्या घरात समोरची खिडकी उघडी ठेवतात. अशा घराच्या फटी फोमने बुजवल्या की आत दमट, चिकट उकाडा साठतो आणि कूलर निरुपयोगी होतो. कूलर असेल तर फोम फक्त डोक्यावर मारा आणि खिडक्या चालू ठेवा. पुढे एसी घ्यायचा असेल तर फटी तेव्हा बुजवता येतात.

भाऊ सुरतेला उधन्यात राहतो. त्याच्या घरालाही हेच काम करायचं का?

हा प्रश्न खूप घरांतून येतो. खानदेशातली किती कुटुंबं सुरतेला उधना-लिंबायतमध्ये किंवा कल्याण-पनवेलकडे स्थायिक आहेत हे सांगायला नको. उत्तर मात्र बदलतं, आणि ते नीट समजून घ्यावं.

हवेत जेवढी वाफ असेल तेवढा तिचा दवबिंदू वर असतो. दवबिंदूपेक्षा थंड वस्तू समोर आली की तिच्यावर पाणी धरतं, पावसाळ्यात गार पाण्याच्या तांब्याला धरतं तसं. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी दवबिंदू ११ अंशांच्या आसपास असतो. घरातली कुठलीच भिंत एवढी थंड नसते, म्हणून ओल धरत नाही. समुद्रकाठी पावसाळ्यात, ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना, दवबिंदू २६ वर असतो. एसी २४ वर लावला की छत, भिंत, एसीची पाइप या सगळ्यांवर पाणी धरू शकतं. बाहेरची वाफ सतत आत, थंडाव्याकडे, घुसू पाहते.

त्यामुळे किनाऱ्यावर फोमचं पहिलं काम दमट हवा अडवणं आणि दुसरं उष्णता अडवणं. तिथे क्लोज्ड सेल हवाच, कारण दोन इंच जाडीचा क्लोज्ड सेल वाफही जवळजवळ रोखून धरतो. पत्रा आणि भिंत यांच्या सांध्यात फट राहिली तर नेमकी तिथे बुरशी येते. भिंतीच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर किंवा व्हिनाइलचा वॉलपेपर लावू नये. बाहेरून आलेली वाफ त्याच्यामागे अडकते आणि भिंत आतल्या आत काळी पडते.

एसीचंही पाहावं लागतं. फोमनंतर घराला पूर्वीपेक्षा लहान एसी पुरतो. मोठाच ठेवला तर तो दहा मिनिटांत खोली गार करून बंद पडतो, हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि खोली गार पण चिकट राहते. घर इतकं बंद झाल्यावर स्वयंपाकघराला आणि न्हाणीला एक्झॉस्ट पंखा लागतोच. खाऱ्या वाऱ्याने पत्रा आणि स्क्रू लवकर गंजतात, म्हणून तिथे प्रायमर टाळू नये. आणि कूलर भावाकडे पाठवू नका. तिथल्या हवेत तो नुसती ओल वाढवतो.

कोकणातल्या कौलारू घराच्या कौलांना खालून फोम मारायचा विचार कोणी करत असेल तर थांबवा. कौलं भिजतात आणि वाळतात, फुटलं तर एक काढून दुसरं बसवता येतं. फोमने ती एकमेकांना चिकटतात आणि खालचं लाकूड ओलं राहतं.

रावेरला केळी पिकवण्याचं चेंबर करायचं आहे. स्प्रे फोम चालेल का?

आपल्याकडचं हे एकच काम असं आहे की जिथे समुद्रकाठचं सगळं गणित लागू होतं.

पिकवण्याच्या चेंबरमध्ये साधारण १६ ते १८ अंश तापमान आणि ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता ठेवतात. कच्ची केळी साठवायची तर १३-१४ अंश. त्याखाली गेलं की साल काळवंडते. आता पाहा, मे महिन्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू ११, चेंबरची भिंत १४. पाणी धरत नाही, काम उत्तम दिसतं, बिल चुकतं होतं. ऑगस्टमध्ये तोच दवबिंदू २४ वर गेला की जिथे फोम पातळ आहे, जिथे लोखंडी खांब किंवा बीम उघडा आहे, तिथे बाहेरच्या अंगाने पाणी झरायला लागतं. चेंबरची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. म्हणून शेवटचा हप्ता एक पावसाळा पार पडल्यावर देण्याची अट आधीच लिहून घ्या.

नवं चेंबर बांधत असाल तर आमचं स्पष्ट मत: तयार पफ पॅनेल घ्या. त्यांना दोन्हीकडून पत्रा असतो, धुता येतात, जाडी सगळीकडे सारखी असते. स्प्रे फोम जुनं गोदाम बदलून घेताना, वाकड्या भिंतींना आणि सांध्यांना कामाचा. चेंबरला जमिनीलाही इन्सुलेशन लागतं, ते विसरलं जातं. आतून फोम उघडा ठेवू नका. ट्रे-क्रेट आपटून तो फुटतो आणि खाचांत घाण साठते.

धाब्याच्या जुन्या घराला फोम मारता येईल का?

कृपा करून मारू नका. धाब्याचं माळवद म्हणजे लाकडाच्या सरांवर आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. ती माती दिवसाची उष्णता उशिरापर्यंत अडवून धरते, आणि पावसात शोषलेली ओल हळूहळू सोडते. खालून क्लोज्ड सेल फोम मारला की लाकूड श्वास घेऊ शकत नाही, कुजतं, आणि उधई लागली तरी बाहेरून दिसत नाही. अशा घराला दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकणं, पन्हाळी मोकळ्या ठेवणं, सर तपासणं हेच खरं काम. ही घरं आता थोडी उरली आहेत, ती जपली पाहिजेत.

फोमला आग लागते का?

लागते. 'फायर रिटार्डंट' लिहिलेला फोमही जळतो. त्या शब्दांचा अर्थ एवढाच की लहान ज्योतीने तो सहज पेट घेत नाही. पेटल्यावर येणारा काळा धूर विषारी असतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं. दक्षिण कोरियातल्या इचॉन शहरात जानेवारी २००८ मध्ये एका शीतगृहात ४० आणि एप्रिल २०२० मध्ये बांधकाम चालू असलेल्या गोदामात ३८ कामगार गेले. दोन्ही ठिकाणी युरेथेन फोमने आग भडकवली. २०२० मध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या फोमवर पडल्या होत्या.

म्हणून नियम सोपे आणि कडक आहेत. वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडिंग हे सगळं फोमच्या आधी उरकून घ्या. नंतर करायचंच झालं तर त्या भागातला फोम काढूनच. राहत्या खोलीत फोम उघडा ठेवू नका, खाली जिप्सम बोर्ड किंवा प्लास्टर हवं. चूल पेटते त्या खोलीत फोम नकोच. वायर फोममध्ये थेट गाडू नका, पाइपातून न्या, कारण फोममध्ये वायरची उष्णता बाहेर पडत नाही. आणि जिनिंगच्या किंवा कापसाच्या गोदामात उघडा फोम अजिबात मारू नका. धरणगाव-चोपड्याकडच्या मालकांना हे विशेष सांगणं आहे. कापूस एकदा पेटला की काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. डोक्यावर जळणारं छप्पर त्यात घालू नका.

काम चालू असताना घरात थांबलं तर चालतं का?

नाही. फवारणीच्या वेळी हवेत आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी झाली की पुढे थोड्याशा वाफेनेही श्वास कोंडतो. माणसं, लहान मुलं, गोठ्यातली गुरं, पिंजऱ्यातले पक्षी, सगळ्यांना काम संपून निदान २४ तास बाहेर ठेवा आणि घर मोकळं हवेशीर ठेवा.

फवारणाऱ्या मुलांकडेही पाहा. तोंडाला रुमाल बांधून फोम मारणारी पोरं दिसतात, हे पाहवत नाही. त्यांना बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, पूर्ण अंगाचा सूट, हातमोजे आणि गॉगल लागतो. ते नसेल तर काम सुरू करू देऊ नका. त्या मुलाचं फुप्फुस तुमच्या घराच्या गारव्यापेक्षा मोलाचं आहे.

नीट बसलेल्या फोमला काही दिवसांनी वास राहत नाही. मासळीसारखा उग्र वास आठवड्यांनंतरही येत असेल तर दोन रसायनांचं माप चुकलं आहे. वरून रंग मारून तो जात नाही. तेवढा भाग खरवडून काढून पुन्हा मारायला लावा.

कोणत्या महिन्यात करावं?

दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत. आयसोसायनेट पाण्याशीही लागलीच प्रक्रिया करतं, त्यामुळे ओल्या स्लॅबवर किंवा दव पडलेल्या पत्र्यावर फोम धरत नाही, सोलून येतो. पाऊस संपल्यावर स्लॅबला पूर्ण वाळू द्या. मे महिन्यात करायचं झालं तर सकाळी ऊन चढण्याआधी, आणि ड्रम सावलीत. उन्हात तापलेला ड्रम दाब धरतो आणि माल बिघडतो. वाऱ्याच्या दिवशी गच्चीवर फवारणी नको; उडालेले थेंब शेजाऱ्याच्या गाडीवर बसले की निघत नाहीत.

एका हाताला दोन इंचांच्या वर जाड थर देऊ देऊ नका. फोम घट्ट होताना स्वतः तापतो, जाड थरात ती उष्णता अडकते, आतून करपतो, क्वचित पेटही घेतो. एक थर थंड झाल्यावर दुसरा.

कोटेशन कसं तपासायचं?

नुसता स्क्वेअर फुटाचा दर ऐकून ठरवू नका. कागदावर चार गोष्टी हव्यात: जाडी किती, घनता किती, वरचं कोटिंग कोणतं आणि सांधे-कडा धरल्या की नाही. कामाची पद्धत आयएस १२४३२ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे असेल असंही लिहून घ्या. तो फवारलेल्या पॉलियुरेथेनच्या इन्सुलेशनसाठीच आहे.

घनता तुम्ही स्वतः तपासू शकता. फोम पूर्ण बसल्यावर १० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ५ जाड असा तुकडा कापायला सांगा. घनता ४० किलो असेल तर त्याचं वजन २० ग्रॅम भरलं पाहिजे, ४५ असेल तर साडेबावीस. फोम पातळ असेल तर त्या प्रमाणात कमी, अडीच सेंटिमीटरला निम्मं. जळगावात सराफाचा काटा शोधायला लांब जावं लागत नाही. तुकडा घेऊन जा आणि कंत्राटदारासमोर तोला. कापलेली जागा तिथल्या तिथे पुन्हा भरून घ्या. जाडीसाठी सुई टोचून चार-पाच ठिकाणी मोजा, विशेषतः कडेला, कारण चोरी कडेलाच होते.

उंदीर, उधई, कोंबड्या?

फोम हे कोणाचं अन्न नाही, पण उंदीर त्यात बिळं करतात आणि उधई त्यातून वाट काढते. जमिनीपासून वीतभर भाग मोकळा सोडा म्हणजे उधईचा माग दिसेल. नवापूरकडच्या पोल्ट्रीवाल्यांनी लक्षात घ्यावं की कोंबड्या फोमला चोची मारतात. छपराला चालेल, चोच पोचेल अशा उंचीवर पत्र्याने झाकल्याशिवाय नाही.

हे पर्यावरणाला घातक नाही का?

फोम फुगवायला पूर्वी एचसीएफसी-१४१बी हा ओझोनला मारक वायू वापरत. भारताने १ जानेवारी २०२० पासून तो बंद केला. आता काही कंपन्या एचएफसी वापरतात, जो ओझोनला धक्का लावत नाही पण पृथ्वी तापवतो. एचएफओ या पृथ्वीला फारसं न तापवणाऱ्या नव्या वायूने किंवा पाण्याने फुगवलेला मालही मिळतो. पाण्याने फुगवलेला घेतला तर जाडी थोडी जास्त लागते. निवड असेल तर या दोघांतलाच मागा.

फोम मारलेल्या गच्चीवर सोलर बसवता येईल का?

येईल, पण स्टँडचे पाय आधी स्लॅबमध्ये पक्के करा, त्यांच्याभोवती वॉटरप्रूफिंग करा आणि मग फोम त्यांना वेढून मारा. पत्र्यावर असेल तर क्लॅम्प आधी. सोलरवाला नंतर येणार असेल तर त्याच्याकडून जागांची खूण आधीच करून घ्या आणि तिथे रिकामे पाय उभे करून ठेवा. फोमनंतर पाडलेलं प्रत्येक भोक त्याच दिवशी सीलंटने बुजवून वर कोटिंग मारावं लागतं.